टेकू आणि तुळई

मुंबईच्या चाळींचा इतिहास आपण गिरणी, भाडेकरू आणि गणेशोत्सव यांच्या अंगाने पुष्कळ लिहिला. छताखालचा टेकू त्यात क्वचितच येतो. मला मात्र तो दोन बांधकामयुगांच्या सांध्यावरचा पुरावा वाटतो.

गिरगावातल्या कितीतरी जुन्या चाळी लाकडी सांगाड्याच्या. सागाची तुळई वाकली की सुतार मधोमध टेकू देई, आणि ते योग्यच होते. लाकूड वरच्या अंगाने ताणले काय, खालच्या काय, सोसते. १९२० साली बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट स्थापन झाले. त्याने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे २०७ काँक्रीटच्या चाळी उभ्या केल्या. तळमजला अधिक तीन मजले, खोली १६० चौरस फुटांची. खाजगी मालकही पुढे काँक्रीटकडे वळले. सामान बदलले, डागडुजीची सवय तीच राहिली.

काँक्रीट दाब सोसते, ताण फारसा नाही. म्हणून तुळईच्या पोटाशी सळया घालतात. मोरीचे पाणी मुरले, खारी हवा शिरली की सळई गंजते, फुगते आणि खालचे काँक्रीट फोडते. अशा तुळईखाली टेकू ठोकून घट्ट बसवला तर त्या जागचा ताण पोटाकडून पाठीकडे जाऊ शकतो. तिथे सळया बहुधा जेमतेम! शिवाय टेकू थेट जमिनीपर्यंत नेला नाही, तर ओझे खालच्या मजल्यावर पडते ते वेगळेच.

१९६९ च्या कायद्याने उपकर आणि दुरुस्ती मंडळ आले. सरकारी खर्चाला मर्यादा होती. त्यामुळे ‘तुळईत किती जीव उरला?’ या प्रश्नावर लालबागचे कुटुंब घरात राहणार की संक्रमण शिबिरात जाणार, हे ठरू लागले. आता संगणकावर तुळईचे प्रारूप मांडून उत्तर काढतात. पण साध्या प्रारूपात सळई आणि काँक्रीट एकमेकांना घट्ट धरून आहेत असे गृहीत असते, आणि गंजलेल्या तुळईत नेमकी तीच पकड सुटलेली असते. हातोडीच्या पोकळ आवाजाला म्हणून अजून किंमत आहे. कुजका थर न काढता वर कार्बन फायबरची पट्टी चिकटवली, तर ती त्या थरासकट सुटते.

वरळीच्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. परळला परवा पाहिलेल्या एका टेकूला कपडे वाळत घालायची दोरी बांधलेली होती.