सनदेनंतरचे शिक्षण : विवाहाचा कायदा, वकील आणि आपली लग्ने

आपल्या चळवळीने कायद्यावर फार मोठा विश्वास टाकला. त्याला कारणेही तशीच होती. बाबासाहेब स्वतः बॅरिस्टर होते. १९३५ साली ते मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५६ साली सिद्धार्थ लॉ कॉलेज उघडले. हिंदू कोड बिल रखडवले गेले, तेव्हा सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले. स्त्रीच्या लग्नाचा, घटस्फोटाचा, वारशाचा प्रश्न हा समाजरचनेच्या मुळाशी जाणारा प्रश्न आहे, हे त्या राजीनाम्याने देशाला सांगितले. पुढे ते बिल तुकड्यातुकड्यांनी का होईना, कायदा झाले. पण कायदा होणे वेगळे आणि तो वस्तीतल्या बाईपर्यंत पोचणे वेगळे. या दोहोंच्या मध्ये वकील उभा असतो. तो वकील सनद मिळाली त्या दिवशी शिकायचा थांबला असेल, तर बाईच्या पदरात काय पडते? या प्रश्नाचा इतिहास आपण फारसा मांडलेला नाही. तो मांडायला हवा, कारण त्याची किंमत आपल्या घरांनी मोजली आहे.

सुरुवात जुनी आहे. महात्मा फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापला आणि ब्राह्मण पुरोहिताशिवाय लग्ने लागू लागली. लगेच ग्रामजोशी दक्षिणेच्या हक्कासाठी कोर्टाच्या पायऱ्या चढले. म्हणजे लग्नाचा विधी बदलणे ही धर्माची गोष्ट होती तशीच ती पहिल्या दिवसापासून कोर्टाचीही गोष्ट झाली. जातपंचायतीचा काडीमोड आणि त्यानंतरचा पाट ही आपल्या समाजांची जुनी रीत. पण १८७६ साली मुंबई हायकोर्टाने सांगितले की, जातीने परवानगी दिली असा प्रामाणिक समज असला तरी नवरा जिवंत असता दुसरे लग्न केल्याच्या गुन्ह्यातून सुटका नाही. गावाच्या न्यायाने जी बाई मोकळी झाली, ती सरकारच्या न्यायाने गुन्हेगार ठरू शकत होती. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने कलम २९ मध्ये रूढीने मिळणारा घटस्फोट राखून ठेवला. मात्र ती रूढी कोर्टात स्पष्ट मांडावी लागते, साक्षीपुराव्याने सिद्ध करावी लागते. हे काम पंचांचे नाही, वकिलाचे आहे.

नवा विधी घेऊन जे जे समाज उभे राहिले, त्यांच्यापुढे हाच पेच आला. ब्राह्मोंच्या चळवळीतून १८७२ चा विवाह कायदा आला. शिखांच्या आनंद विवाहाला १९०९ साली कायद्याने मान्यता मिळाली. आर्यसमाजींसाठी १९३७ साली स्वतंत्र कायदा झाला. तामिळनाडूत पेरियारांच्या स्वाभिमान विवाहांना मद्रास हायकोर्टाने बेकायदा ठरवले होते. अण्णादुराईंच्या सरकारने १९६७ साली हिंदू विवाह कायद्यात कलम ७-अ घालून त्यांना वैधता दिली. हार, अंगठी किंवा ताली, आणि आप्तमित्रांसमोर एकमेकांचा स्वीकार, एवढे पुरेसे ठरले. पुरोहिताची गरज उरली नाही, आणि आधी झालेली लग्नेही तगली.

आणि आपण? १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धर्मांतर झाले. लक्षावधी लोकांनी होम सोडला, सप्तपदी सोडली. त्रिशरण, पंचशील आणि मंगल गाथा यांनी लग्ने लागू लागली. पण बौद्ध विवाहासाठी स्वतंत्र कायदा हवा ही मागणी मागणीच राहिली. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २ ने बौद्धांनाही त्याच कायद्याखाली घेतले होते. कलम ७ म्हणते, दोहोंपैकी कोणत्याही पक्षाच्या रूढ विधीने लग्न लागावे. त्या विधीत सप्तपदी असेल तर सातव्या पावलाला लग्न पुरे होते. म्हणजे सप्तपदी सर्वांवर लादलेली नाही. पण 'रूढ' या शब्दात गोम आहे. कलम ३ प्रमाणे रूढी म्हणजे दीर्घकाळ, अखंड आणि एकसारखी पाळली गेलेली रीत. जो समाज कालच जुनी रीत टाकून उठला, त्याने दीर्घकाळ कुठून आणायचा?

हा प्रश्न कल्पनेतला नाही. १९६५ साली महाराष्ट्रातलाच एक खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. पहिली बायको असता नवऱ्याने १९६२ साली गांधर्व पद्धतीने दुसरे लग्न केले होते. पहिलीने फिर्याद केली. न्यायालय म्हणाले, दुसऱ्या लग्नात होम नाही, सप्तपदी नाही. ते विधी समाजाने पाचसात वर्षांपूर्वी सोडले असे कोणी सांगितले तरी एवढ्याने रूढी सिद्ध होत नाही. म्हणून दुसरे लग्न हे कायद्याने लग्नच नाही, आणि लग्न नाही तर द्विभार्येचा गुन्हाही नाही. नवरा सुटला. या निकालाचे पाते दुधारी आहे हे ध्यानात घ्या. पहिलीची फिर्याद त्याने कापली, दुसरीचे बायकोपणही त्यानेच कापले. आणि विधी नव्याने घडवणाऱ्या प्रत्येक समाजाच्या डोक्यावर ते टांगते राहिले.

हाच बचाव पुढे तामिळनाडूतल्या एका नवऱ्याने घेतला. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला, कारण तिथे कलम ७-अ होते. सप्तपदी नसली तरी दुसरे लग्न लग्न ठरले आणि गुन्हा सिद्ध झाला. दोन्ही प्रांतांतल्या नवऱ्यांचा अपराध सारखाच होता. तामिळनाडूतल्या बाईच्या पाठीशी कायद्याचे कलम होते. महाराष्ट्रातल्या बाईच्या पाठीशी फक्त तिचा वकील होता. ज्यांच्या विधीला कायद्याने नाव दिले नाही, त्यांचे लग्न वकिलाच्या अभ्यासावर उभे राहते. आपल्या दृष्टीने वकिलाच्या निरंतर शिक्षणाचा प्रश्न इथून सुरू होतो.

आता व्यवस्था काय सांगते ते पाहू. १९६१ च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टमध्ये पदवीनंतर उमेदवारी आणि परीक्षा ठेवली होती. १९७३ च्या दुरुस्तीने ती काढून टाकली. त्याच दुरुस्तीने राज्यांच्या बार कौन्सिलांवर परिसंवाद भरवण्याचे, व्याख्याने ठेवण्याचे, कायद्याची नियतकालिके काढण्याचे काम सोपवले. म्हणजे शिकण्याची सक्ती गेली आणि शिकवण्याची सदिच्छा आली. बार कौन्सिलने १९९५ साली उमेदवारी नियमांनी परत आणली, पण १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने ते नियम रद्द केले. २०११ पासून अखिल भारतीय बार परीक्षा सुरू झाली. ती एकदा उत्तीर्ण झाली की झाली. त्यानंतर दर वर्षी काही तास शिकलेच पाहिजे अशी सक्ती आपल्या देशात वकिलावर नाही. अमेरिकेत मिनेसोटा राज्याने १९७५ सालीच वकिलाला तीन वर्षांत ४५ तासांचे शिक्षण बंधनकारक केले. आपल्याकडे न्यायाधीशांसाठी भोपाळला आणि उत्तनला अकादमी आहे. महाराष्ट्रातल्या डॉक्टराला नोंदणी टिकवायला पाच वर्षांत ३० गुण मिळवावे लागतात. शरीराला हात लावणाऱ्याने शिकत राहावे आणि संसाराला हात लावणाऱ्याने शिकू नये, हा कुठला न्याय?

१९८४ साली कौटुंबिक न्यायालयांचा कायदा आला. त्याच्या कलम १३ ने सांगितले, इथे वकील हा पक्षकाराचा हक्क नाही. महाराष्ट्रात १९८९ साली पुण्यात आणि मुंबईत ही न्यायालये उघडली. वकिलाने संसाराचे भांडण वाढवू नये हा हेतू असेल. पण वकिलाला दाराबाहेर ठेवण्याचा विचार ज्यांनी केला, त्यांनी त्याला शिकवण्याचा विचार केला नाही. शिवाय तालुक्याच्या गावी ते न्यायालयच नाही. तिथली बाई दिवाणी न्यायालयात जाते, आणि तिथे वकिलावाचून तिचे पान हलत नाही.

तो वकील जुन्या नमुन्यावरून अर्ज टंकून घेतो. नमुन्यात लिहिलेले असते, 'विवाह हिंदू वैदिक पद्धतीने झाला'. बौद्ध बाईच्या अर्जात ते वाक्य तसेच उतरले की समोरचा वकील उलटतपासणीत विचारतो, होम कुठे होता? सप्तपदी झाली का? ती खरे बोलते, 'नाही.' तिच्या खऱ्या बोलण्यानेच तिचा दावा दुबळा होतो. त्याऐवजी बौद्ध विधी कसा झाला, कोणी लावला, तो आपल्या समाजात किती वर्षे आणि किती एकसारखा चालत आला आहे, हे अर्जातच लिहिले आणि साक्षीदार उभे केले तर तीच बाई ताठ उभी राहते. १९५६ नंतर आता जवळजवळ सत्तर वर्षे होत आली. १९६५ साली जो दीर्घकाळ मागितला गेला तो आपल्या समाजाने जगून दाखवला आहे. तो कोर्टात मांडणारा वकील मात्र हवा.

पोटगीचेही तसेच. १९८८ साली, महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या बायकोला फौजदारी संहितेच्या कलम १२५ खाली पोटगी नाकारली. २०१३ साली, पुन्हा महाराष्ट्रातल्याच एका बाईच्या प्रकरणात, पहिले लग्न लपवून फसवणाऱ्या नवऱ्याला त्याच न्यायालयाने पोटगी द्यायला लावली. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने लग्नासारख्या संबंधातल्या स्त्रीलाही संरक्षण दिले. २०२० साली न्यायालयाने दोन्ही बाजूंनी मिळकतीचे प्रतिज्ञापत्र द्यावे आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळावी असे ठरवले. एप्रिल २०२४ मध्ये ते म्हणाले, विधी झालेच नसतील तर केवळ नोंदणीच्या दाखल्याने हिंदू विवाह सिद्ध होत नाही. १ जुलै २०२४ पासून कलम १२५ ची जागा नव्या संहितेच्या कलम १४४ ने घेतली. ज्याचे वाचन १९८८ ला थांबले तो वकील फसवल्या गेलेल्या बाईला सांगणार, 'तुला काही मिळणार नाही.' ती घरी परत जाईल. तिचा दावा कुठल्याच निकालपत्रात दिसणार नाही, कारण तो दाखलच झालेला नसेल.

बार कौन्सिल सक्ती करील तेव्हा करील. ती मागणी आपण लावून धरली पाहिजे. पण तोवर हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. आपल्या वकील मित्रांनी तालुक्याच्या बाररूममध्ये महिन्यातून एक दिवस विवाहकायद्याचे नवे निकाल वाचावेत, मराठीत वाचावेत. कायद्याच्या विद्यार्थ्यांनी गावोगावच्या बौद्ध विवाहविधीच्या नोंदी, जुन्या पत्रिका, छायाचित्रे आणि म्हाताऱ्या माणसांच्या साक्षी जमवाव्यात; रूढी सिद्ध करायला याच कामी येतात. लग्न लावणाऱ्या बौद्धाचार्यांनी वही ठेवावी, त्यात तारीख, स्थळ, म्हटलेल्या गाथा आणि साक्षीदारांच्या सह्या असाव्यात, आणि जोडप्याला लगेच नोंदणीला पाठवावे. शिक्षकांनी हे पोरींना शाळेतच सांगावे. 'शिका' हा आदेश बाबासाहेबांनी फक्त निरक्षरांना दिला नव्हता. तो सनदधारकांनाही लागू आहे, आणि सनद भिंतीवर टांगल्यानंतरही तो संपत नाही.