सेवाग्रामची घंटा आणि मोडाफिनिलची गोळी

आमच्या घराण्यात दोन जाती आहेत. रात्री दहाला कपभर चहा पिऊन साडेदहाला घोरणारे, आणि संध्याकाळी पाचच्या चहाने रात्री दोनपर्यंत पंखा मोजणारे. पहिले दुसऱ्यांना नाजूक म्हणतात, दुसरे पहिल्यांना निगरगट्ट!

हे आठवायचं कारण सेवाग्राम. ३० एप्रिल १९३६ ला गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला आले. गजानन महाराजांच्या शेगावशी टपालाचा घोळ होई, म्हणून १९४० मध्ये गावाचं नाव सेवाग्राम झालं. आश्रमाचा दिवस पहाटे चारच्या सुमारास घंटेने सुरू व्हायचा. जागं व्हायचं ते घंटेने, चहाने नव्हे.

चहाबद्दलचं मत गांधीजींनी १९४२ साली पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना लिहिलेल्या 'आरोग्यनी चावी' या पुस्तकात आहे. शरीराला चहा-कॉफीची गरजच नाही, असं ते म्हणतात. चहावरचा त्यांचा मुख्य राग टॅनिनवर. कातडं कमावायला लागणारा पदार्थ पोटात कशाला, असा साधा सवाल.

पण झोप उडवतं ते टॅनिन नाही, कॅफीन. रुंगे या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने ते १८१९ मध्येच कॉफीतून वेगळं काढलं होतं. आपण जागे असताना मेंदूत ॲडेनोसिन साचत जातं आणि झोप येऊ लागते. कॅफीन ॲडेनोसिनच्या जागा अडवून बसतं. झोपेचा निरोप येतो, पण घ्यायला कोणी नसतं.

आता आमच्या दोन जाती. कॅफीनचा निचरा यकृतातलं एक एन्झाइम करतं. त्याचं जनुक सीवायपी१ए२, आणि त्याच्या प्रकारानुसार निचरा कोणाकडे भराभर, कोणाकडे रेंगाळत. ॲडेनोसिनच्या एका रिसेप्टरच्या जनुकातला एका अक्षराचा फरकही कॅफीनने झोप उडण्याशी जोडला गेला आहे. म्हणजे नाजूकपणा किंवा निगरगट्टपणा हा स्वभावाचा गुण नव्हेच!

चहाचं ठीक आहे हो, गोळीचं काय? मोडाफिनिल हे अतिझोपेच्या आजारावरचं औषध. २००९ साली झुरिकच्या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. निरोगी तरुणांना ४० तास जागं ठेवून मोडाफिनिल दिलं होतं. डोपामिनची विल्हेवाट लावणाऱ्या सीओएमटी जनुकाच्या एका प्रकारात गोळीने लक्ष आणि विचारशक्ती टिकवली, दुसऱ्या प्रकारात तितका उपयोग झाला नाही. अभ्यास लहान होता, बावीसच जण. पण परीक्षेच्या आदल्या रात्री 'मित्राला चालली, मलाही चालेल' म्हणून उसनी गोळी घेणाऱ्याने तो जरूर आठवावा.

त्यातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. जनुकाचा हा फरक जागेपणात दिसला, नंतरच्या भरपाईच्या झोपेत नाही. उधारी दोघांनाही फेडावीच लागली.

गांधीजींचं ते पुस्तक इंग्रजीत आणलं डॉ. सुशीला नायर यांनी. त्याही आगाखान पॅलेसमध्ये त्यांच्यासोबत कैदेत होत्या. पुढे १९६९ मध्ये त्यांनीच सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय उभं केलं. तिथे रात्रपाळी करणाऱ्या मुलामुलींना आश्रमाचा नियम कसा पुरणार? त्यांना जागावंच लागतं. पण पहाटे चारला उठवणारी ती घंटा रात्री लवकर निजलेल्यांसाठी होती, हे आपण सोयीस्कर विसरतो.

असो. तुम्ही कुठल्या जातीचे, ते जरूर कळवा. आणि घरातल्या 'नाजूक' माणसाला संध्याकाळच्या चहाचा आग्रह करू नका.