सिलोनची कॉफी कुठे गेली?

सिलोन म्हटलं की आपल्याला चहाच आठवतो. पण आधी तिथे कॉफी होती. कँडीच्या डोंगरांत जंगलं तोडून मळे उभे राहिले. १८६९ मध्ये पानांवर तांबेरा दिसला आणि वीसेक वर्षांत बहुतेक कॉफी गेली. जेम्स टेलरने १८६७ मध्येच चहा लावला होता, त्यामुळे मळेवाले सावरले. कॉफीचं काम हंगामी, चहाची तोडणी बारमाही. म्हणून तमिळ मजूर बायकामुलांसह तिथेच राहिले. १९४८ च्या कायद्याने त्यांतल्या बहुतेकांना नागरिकत्वही नाकारलं.

आटपाडीच्या डाळिंबावर तेल्या पडला, की हे आठवतं. सगळं भांडवल एकाच पिकात नको, हे आम्हा कॉमर्सवाल्यांना कळतं. पण मालक पीक बदलतो. तोडणीला येणाऱ्या बाईने काय बदलायचं?