वहीची दुसरी प्रत

कोल्हापूरच्या महाद्वार रोडवर संध्याकाळी दुकानोदुकानी रोजची बचत गोळा करणारा पिग्मीवाला फिरतो. गल्ल्यातून शंभराची नोट निघते, त्याच्या हातातल्या छोट्या यंत्रातून पावती बाहेर येते आणि बोलणं चालू असतं ते शाहू स्टेडियमवरच्या फुटबॉलचं नाहीतर पंचगंगेच्या पाण्याचं. पावतीवर खाते क्रमांक, आजची जमा आणि एकूण शिल्लक छापलेली असते. दुकानदार ती न वाचताच खणात टाकतो. आपल्या व्यवहाराचा लेखी पुरावा असा न मागता हातात पडावा, एवढ्याचसाठी महाराष्ट्रात एकेकाळी कायदा करावा लागला होता.

त्याआधी वही एकच होती आणि ती सावकाराच्या पेढीवर असायची. लाल कापडाच्या बांधणीची लांबट चोपडी, पानाला घड्या घालून पाडलेले सळ, डावीकडे जमा, उजवीकडे नावे, आणि सगळा मजकूर मोडीत. रोजकीर्दीतून नोंद खतावणीत जायची. मुद्दल, व्याज, तारण, गहाण, जामीन हे शब्द कुणब्याला कुणी शिकवावे लागत नव्हते. ते त्याच्या रोजच्या तोंडातले होते. आज ‘लोकांना अर्थसाक्षर करा’ म्हणून जी शिबिरं भरतात, तिथे नेमकी हीच गोष्ट विसरली जाते. कुणब्याला कळत नव्हतं ते एवढंच, की आज आपल्याकडे बाकी किती. खळ्यावरून धान्य गेलं तर त्याचा भाव सावकार ठरवणार आणि ते जमेला किती पडलं हेही तोच लिहिणार. शंभराचा रोखा करून व्याज आगाऊ कापून घ्यायचं आणि हातावर पैसे कमीच ठेवायचे, हीसुद्धा जुनी रीत.

दामदुपटीचा नियम होता. एका वेळी वसूल होणारं व्याज मुद्दलापेक्षा जास्त होता कामा नये, असं धर्मशास्त्र सांगे आणि मुंबई इलाख्यातली न्यायालयंही ते मानत. पण थकलेलं व्याज मिळवून नवा रोखा करून घेतला की कालचं व्याज आजचं मुद्दल होतं आणि दामदुपट पुन्हा पहिल्यापासून मोजायची. चक्रवाढ म्हणजे काय हे शेतकऱ्याला असं कळलं.

१८७२ च्या पुरावा कायद्याने ३४ व्या कलमात सांगून ठेवलं होतं, की नुसत्या हिशेबवहीतल्या नोंदीवर कुणावर देणं लादता येणार नाही. पण सावकाराकडे वहीच्या जोडीला अंगठा उठवलेला रोखा असे, आणि अंगठा उठवणाऱ्याने तो वाचलेला नसे. १२ मे १८७५ ला, बाजाराच्या दिवशी, पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला लोक सावकारांवर चालून गेले. दंगा पुढे पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरला. जमावाचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता: रोखे आणि वह्या बाहेर काढायच्या आणि पेटवायच्या. इंग्रजी अमदानीत इतका नेमका दंगा क्वचितच झाला असेल.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खनचा शेतकरी कायदा आला. त्यातल्या जमीन वाचवणाऱ्या कलमांची चर्चा पुष्कळ झाली, पावत्यांच्या कलमांची फारशी नाही. पैसे भरले की लेखी पावती, वर्षाला हिशेबाचा उतारा, आणि मागितलं तर वेळोवेळी नोंदी करून दिलेलं पासबुक, हा शेतकऱ्याचा हक्क ठरला. न देणाऱ्याला दंड. कर्जदाराच्या घरात वहीची दुसरी प्रत आली ती इथे. तीन वर्षांनी, १८८२ मध्ये, टपाल खात्याची बचत बँक सुरू झाली आणि तिचं पासबुक बचत करणाऱ्याच्या हाती आलं. आजच्या पासबुकाचे हे दोन पूर्वज. पोस्टाचा सगळ्यांना आठवतो, दंग्यातून जन्मलेला दुसरा कुणाला आठवत नाही.

दुसरी प्रत हातात आली, पण ती वाचणार कोण? कोल्हापूरचं महत्त्व इथे आहे. संस्थान असल्यामुळे ब्रिटिश मुलखातला तो कायदा इथे आपोआप लागू होत नव्हता. इथली वाट वेगळी, सहकाराची. विठ्ठल लक्ष्मण कवठेकरांनी बडोद्यात १८८९ सालीच अन्योन्य सहकारी मंडळी काढली होती, १९०४ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानात सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. शाहू महाराजांनी संस्थानात सहकाराचा कायदा आणला आणि १९१३ साली कोल्हापूर अर्बन सोसायटी उभी राहिली. तिथे कर्ज देणारा आणि घेणारा दोघेही सभासद, म्हणून वही सगळ्यांची. आणि १९१७ साली सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम निघाला. माझ्या मते पासबुकाच्या वंशावळीत या हुकुमाचं स्थान कुठल्याही बँकेपेक्षा वरचं आहे.

पुढचं भराभर झालं. १९३८ मध्ये जिल्हा मध्यवर्ती बँक, १९४३ मध्ये शाहूपुरीत रत्नाकर बँक, जी आता आरबीएल म्हणून देशभर ओळखली जाते. शाहूपुरी म्हणजे १८९५ साली वसवलेली गुळाची पेठ. रवे सौद्यात विकले गेले की अडत्या शेतकऱ्याच्या हातात पट्टी देतो: वजन, दर, हमाली, तोलाई, आधी दिलेली उचल, आणि तळाशी निव्वळ रक्कम. पिग्मी आली दक्षिणेकडून. उडुपीच्या सिंडिकेट बँकेने १९२८ साली दारोदार जाऊन रोजचे दोन-दोन आणे गोळा करायला सुरुवात केली होती. १९६३ मध्ये गोकुळ संघ स्थापन झाला आणि गावोगावच्या डेअरीवर दुधाचं कार्ड आलं. सकाळ-संध्याकाळचे लिटर, फॅट, दर, दहा दिवसांनी बिल, त्यातून पशुखाद्याची कपात, दिवाळीला फरक. हे कार्ड सांभाळणारी बाई बँकेच्या भाषेत ‘अर्थसाक्षर’ नसेल, पण फॅट एका पॉइंटने खाली आली तर डेअरीत जाऊन जाब विचारते.

पासबुकात मात्र एक गोष्ट भल्याभल्यांना उलटी वाटते. आपण बँकेत पैसे भरले तर आपल्या वहीत ते बँकेच्या नावे पडतात. पासबुकात तीच रक्कम जमा दिसते. कारण ते पुस्तक आपल्या हातात असलं तरी वही बँकेची आहे, तिच्या बाजूने लिहिलेली. ‘जमा’ म्हणजे बँक आपलं किती देणं लागते. मग ते देणं बुडालं तर काय, हा प्रश्न आलाच. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँक धरून, दर ठेवीदाराला एका बँकेत व्याजासह ५ लाखांपर्यंत विमा आहे. फेब्रुवारी २०२० पर्यंत तो १ लाखच होता. पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. पासबुकं दोन्हींची सारखीच दिसतात, पिग्मीही दोन्हीकडे चालते, तेव्हा मुखपृष्ठावरचं नाव शेवटपर्यंत वाचलेलं बरं.

कर्जाच्या बाजूला जुनी रीत नव्या कपड्यांत आली आहे. १२,००० रुपये, एक वर्ष, ‘फक्त १२ टक्के फ्लॅट’. व्याज १,४४०, महिन्याचा हप्ता १,१२०. ऐकायला सरळ. पण दर महिन्याला मुद्दल फिटत असताना व्याज मात्र पूर्ण १२,००० वर वर्षभर चालू राहतं. घटत्या शिलकीवर मोजलं तर हाच दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. त्यात प्रक्रिया शुल्क आणि विम्याचा हप्ता आधीच कापून घेतला तर आणखी वर. रोख्यावर शंभर लिहून हातावर कमी ठेवणारा सावकार हे गणित पाहून ओळखीचं हसला असता. फोनवरच्या अ‍ॅपमध्ये तर कापलेली रक्कम दिसायला चार वेळा बोट फिरवावं लागतं.

रिझर्व्ह बँकेने यावर काढलेला उपाय १८७९ च्याच वळणाचा आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि वित्त कंपन्यांना नव्या किरकोळ कर्जाबरोबर ‘की फॅक्ट्स स्टेटमेंट’ द्यावं लागतं, तेही कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत. व्याज आणि सगळे खर्च धरून वर्षाचा खरा दर किती, तो आकडा त्यात असतो. त्याला एपीआर म्हणतात. तिथे न लिहिलेलं शुल्क नंतर तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. तेव्हा कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी हे पत्रक मराठीत मागून घ्या आणि एपीआरच्या आकड्यावर बोट ठेवून तो मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. द्यायला ते बांधील आहेत.