दख्खनच्या माशांचे साइक्सकृत सर्वेक्षण

महाराष्ट्र पठारावरील गोड्या पाण्यातील माशांच्या आरंभीच्या शास्त्रीय पाहण्यांपैकी एक. अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यातील पारनेर तालुक्याच्या सीमेवरून वाहणारी कुकडी निघोजजवळ बेसाल्टमध्ये रांजणखळगे कोरून पुढे घोड नदीस मिळते व घोड भीमेस. भीमेच्या ह्या खोऱ्यातील अनेक मासे विज्ञानास परिचित झाले, ते कर्नल विल्यम हेन्री साइक्स (१७९०–१८७२) ह्या लष्करी अधिकाऱ्यामुळे.

मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन यांनी १८२४ मध्ये साइक्स यांची सांख्यिकीय माहिती जमविण्याच्या पदावर नेमणूक केली. पुणे, अहमदनगर, खानदेश व धारवाड ह्या जिल्ह्यांतील शेती, लोकसंख्या व हवामान यांबरोबरच त्यांनी पशुपक्षी व मासेही नोंदले. १८२९ च्या अखेरीस सरकारने ते पद रद्द केले. तरीही साइक्स यांनी काम स्वेच्छेने चालू ठेवून १८३१ च्या प्रारंभी पुरे केले. माशांवरील त्यांचा निबंध लंडनच्या प्राणिविज्ञान संस्थेच्या वृत्तांतात १८३९ मध्ये संक्षेपाने व १८४१ मध्ये चित्रांसह प्रसिद्ध झाला. त्यात वर्णिलेल्या जातींपैकी बहुसंख्य जाती विज्ञानास नव्या होत्या.

नव्या जातींना नावे देताना साइक्स यांनी कोळ्यांच्या तोंडची मराठी नावेच पुष्कळदा स्वीकारली. खुद्री, कोलस, नुकटा, शिंगटी, फुलंगी, टाकरी ही नावे लॅटिन वळणाने का होईना, शास्त्रीय नामावलीत कायम झाली. रोहटी तर प्रजातीचेच नाव झाले. एखादी जात पुन्हा शोधणाऱ्यास नदीकाठी नुसते नाव विचारावे, इतकी ही सोय होती. अर्थात एकच नाव गावोगाव वेगळ्या माशास लावले जाते, ही अडचण तीत होतीच.

त्याहून मोठी उणीव नमुन्यांची. ज्या नमुन्यांवरून वर्णने केली, त्यांपैकी बहुतेकांचा आज मागमूस नाही. त्यामुळे नंतरच्या अभ्यासकांना चित्रांवर व त्रोटक मजकुरावर विसंबावे लागले. फ्रान्सिस डे यांच्या भारतीय माशांवरील ग्रंथाने (१८७५–७८) काही जातींचा उलगडा केला. ‘मुसुल्ला’ हा मासा मात्र वादग्रस्तच राहिला. सुंदरलाल होरा यांनी १९४० च्या दशकात तो महसीर गटात घातला आणि पुढे तो बराच काळ तेथेच गणला गेला. २०१३ मध्ये झालेल्या फेरतपासणीत मुसुल्ला हा महसीर नसून हिप्सेलोबार्बस प्रजातीतील मासा असल्याचा निष्कर्ष काढण्यात आला.