डोलीवाला ते एकशेआठवाला : वऱ्हाडच्या वाटेवरचा बिननावाचा माणूस

१/ २० डिसेंबर १९५६. अमरावतीकडे जाणाऱ्या वाटेवर, वलगावजवळ पेढी नदीच्या काठी गाडगेबाबांनी देह ठेवला. वऱ्हाडातल्या शाळकरी मुलांनाही ही तारीख ठाऊक असते. त्या नोंदीतल्या एका तपशिलापाशी मात्र सहसा कुणी थांबत नाही. बाबांना मृत्यू आला तो वाटेत.

२/ बाबांचे वय तेव्हा ऐंशी होते, देह थकलेला होता. वेगळे काही घडू शकले असते असे म्हणण्याचे कारण नाही. पण ‘दवाखान्यात नेता नेता वाटेतच गेले’ हे वाक्य न ऐकलेले घर वऱ्हाडात विरळाच. रुग्णालयांचे इतिहास लिहिले जातात, डॉक्टरांची चरित्रे निघतात. घर आणि रुग्णालय यांच्या मधल्या वाटेचा, आणि त्या वाटेवर रुग्णाच्या उशाशी असणाऱ्या माणसाचा इतिहास काय? हा थ्रेड त्याविषयी. 🧵

३/ प्रारंभ रणांगणापासून करावा लागतो. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी आजच्या अकोला जिल्ह्यातील अडगाव येथे आर्थर वेलस्लीची फौज आणि भोसले-शिंदे यांच्या फौजा भिडल्या. इंग्रजी कागदपत्रांतले ‘आरगाव’ ते हेच. सुमारे पंधरवड्यात मेळघाटच्या माथ्यावरचा गाविलगडही पडला. त्या काळी कंपनीच्या फौजांबरोबर जखमींसाठी डोल्या असत : बांबूला टांगलेली झोळी आणि तिला खांदा देणारे भोई. जखमी वाचणार की नाही, हे पुष्कळदा त्या खांद्यांवर ठरे.

४/ त्याच सुमारास युरोपात वेगळा विचार मूळ धरत होता. १७९२ मध्ये फ्रेंच शल्यचिकित्सक दोमिनिक लारे याने घोड्यांच्या हलक्या गाड्या लढाईच्या अगदी जवळ नेण्याची कल्पना मांडली. उपचाराचा क्रम हुद्द्यावरून नव्हे, जखमेच्या गांभीर्यावरून लावायचा, हा त्याचा दंडक होता. ‘ॲम्ब्युलन्स’ या शब्दाचे मूळ फ्रेंच भाषेतील ‘चालते रुग्णालय’ या शब्दप्रयोगात आहे. मराठीने मात्र ‘रुग्णवाहिका’ हा शब्द घडवला. फ्रेंच शब्दात उपचार आहे, मराठी शब्दात वाहणे आहे. पुढच्या दोनशे वर्षांची अडचण या फरकात सामावलेली दिसते.

५/ डोली वाहणाऱ्यांना इंग्रजांनी कसे पाहिले? १८८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात ‘डूली’ या शब्दाखाली एक आख्यायिका नोंदवली आहे. भारतातून आलेल्या खलित्यात डोल्यांनी जखमींना नेल्याचा उल्लेख होता. ब्रिटिश संसदेतल्या एका वक्त्याने त्याचा अर्थ असा लावला की, ‘डूली’ नावाच्या क्रूर रानटी टोळीने डोंगरातून उतरून बिचाऱ्या जखमींना पळवून नेले! किस्सा खरा असो वा रचलेला, त्यात एक सत्य आहे : वाहणारा माणूस वाहनाच्याच नावाने ओळखला गेला. त्याचे स्वतःचे नाव लिहिण्याची गरज कुणाला वाटली नाही.

६/ १८९९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध पेटले, तेव्हा मोहनदास गांधी यांनी तेथील भारतीयांचे रुग्णसेवा पथक उभारले. सुमारे ११०० माणसे. त्यांतली तीनशेच्या आसपास स्वतंत्र भारतीय, उरलेले गिरमिटिया मजूर. स्पिऑन कॉपच्या लढाईत या माणसांनी गोळीबाराच्या टप्प्यात जाऊन जखमींना उचलले. स्ट्रेचर खांद्यावर घेऊन ती दिवसाला वीस-पंचवीस मैल चालली. युद्धानंतर पदके मिळाली ती ३७ म्होरक्यांना. खांदे हजारांवर होते.

७/ आता पुन्हा वऱ्हाड. १८५३ मध्ये निजामाकडून हा प्रांत इंग्रजांच्या ताब्यात आला आणि कापसासाठी इथल्या वाटा वेगाने सुधारू लागल्या. जीआयपी रेल्वे अकोला-बडनेऱ्यावरून जात १८६७ मध्ये नागपूरला पोचली. पुढे मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरकडे ‘शकुंतला’चे अरुंद रूळ पडले. कापसाची गाठ शेतापासून मुंबईच्या बंदरापर्यंत कशी जाईल, याचा बारकाईने विचार झाला. आजारी शेतकरी मात्र बंडीतच राहिला.

८/ रुग्णालये आली नाहीत असे नाही. अमरावतीचे ‘इर्विन’ आणि ‘डफरिन’, अकोल्याचे ‘लेडी हार्डिंग’ : व्हाइसरॉय आणि त्यांच्या पत्नींची ही नावे वऱ्हाडी बोलीत इतकी मुरली की आजही रिक्षावाल्याला तीच सांगावी लागतात. इमारतींना नावे मिळाली, पण तिथवर पोचणे हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न राहिला. कुणी बंडी जुंपली, कुणी बाजेला दोर बांधून ती चौघांच्या खांद्यावर दिली, पुढे कुणी काळी-पिवळी जीप थांबवली. वाटेत उपचार होऊ शकतात, ही कल्पनाच नव्हती.

९/ मेळघाटात तर डॉक्टरलाच वाट तुडवावी लागली. १९८०च्या दशकात डॉ. रवींद्र कोल्हे बैरागडला राहायला गेले, तेव्हा हरिसालपासून सुमारे ४० किलोमीटर पायी जावे लागे. पुढे डॉ. स्मिता कोल्हे त्यांच्या सोबतीला आल्या आणि २०१९ मध्ये दोघांना पद्मश्री मिळाली. या दांपत्याची थोरवी निर्विवाद आहे. तरीही एक प्रश्न उरतो : प्रत्येक पाड्यावर कोल्हे दांपत्य कसे असणार? व्यक्तीच्या त्यागावर उभे राहिलेले काम व्यवस्थेत कसे रूपांतरित होते?

१०/ त्याचे उत्तर १९६०च्या दशकात दोन शहरांत सापडले. १९६६ मध्ये बेलफास्टला डॉ. फ्रँक पँट्रिज यांनी हृदयाला विजेचा झटका देणारे यंत्र गाडीत बसवून रुग्णाच्या दारी नेले. त्याच वर्षी अमेरिकेत पिट्सबर्गचे डॉ. पीटर सफार यांची लहान मुलगी दम्याच्या झटक्यात दगावली. कृत्रिम श्वासोच्छ्वासाच्या आधुनिक पद्धतीचा पाया घालणाऱ्या माणसाचे हे दुःख होते. त्या शहरात तोवर आजारी माणसाला बहुधा पोलिसांची गाडी उचलून नेत असे.

११/ सफार यांनी १९६७ पासून शहरातील कृष्णवर्णीय वस्तीतल्या तरुणांना प्रशिक्षण दिले. त्यांतल्या अनेकांना पूर्वी कुणी नोकरीही देत नव्हते. ‘फ्रीडम हाउस’ नावाच्या या सेवेतील माणसे शेकडो तास शिकली आणि रस्त्यावर असे उपचार करू लागली, जे तोवर रुग्णालयाच्या भिंतींआडच होत. आधुनिक पॅरामेडिकच्या व्यवसायाची ही एक पायाभरणी होती. १९७५ मध्ये शहराने स्वतःची सेवा सुरू केली, फ्रीडम हाउस बंद पडले आणि तिथल्या अनुभवी माणसांपैकी अनेकांना नव्या व्यवस्थेत टिकू दिले गेले नाही. वाहणाऱ्याला विद्या मिळाली, मान पुन्हा निसटला.

१२/ भारतात हा प्रश्न न्यायालयाच्या दारातून आला. एका स्कूटरस्वाराला मोटारीने उडवले. जवळच्या रुग्णालयाने पोलीस प्रकरण म्हणून त्याला दाखल करून घेण्यास नकार दिला आणि सुमारे २० किलोमीटरवरच्या दुसऱ्या रुग्णालयाकडे धाडले. तो वाटेतच गेला. वृत्तपत्रातल्या या बातमीवरून परमानंद कटारा यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. २८ ऑगस्ट १९८९ रोजी न्यायालयाने निर्णय दिला : आधी जीव वाचवायचा, कायदेशीर सोपस्कार नंतर.

१३/ १९९६ मध्ये पश्चिम बंगालमधील हकीम शेख यांच्या प्रकरणात हेच न्यायालय आणखी पुढे गेले. रेल्वेतून पडलेल्या शेख यांना एकामागून एका सरकारी रुग्णालयाने परत पाठवले होते. वेळेवर उपचार न मिळणे हा जगण्याच्या हक्काचा भंग आहे, असे न्यायालयाने ठरवले. साधनांनी आणि माणसांनी सज्ज रुग्णवाहिकांची व्यवस्था हवी, असेही सांगितले. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्या वाटसरूला पोलिसांच्या ससेमिऱ्यापासून संरक्षण मिळायला मात्र २०१६ चा न्यायालयीन आदेश आणि २०१९ ची मोटार वाहन कायद्यातली दुरुस्ती यावी लागली.

१४/ दरम्यान २००५ मध्ये हैदराबादेत ‘१०८’ हा क्रमांक सुरू झाला आणि राज्याराज्यांत पसरला. महाराष्ट्रात ही सेवा २६ जानेवारी २०१४ पासून आली. गाड्या ९३७ : त्यांतल्या २३३ प्रगत जीवरक्षक साधनांच्या, ७०४ प्राथमिक साधनांच्या. २०११ च्या जनगणनेशी ताडून पाहिल्यास सुमारे १ लाख २० हजार लोकांमागे एक गाडी पडते. अपुरी असली तरी ही झेप मोठी होती. बंडी आणि बाज यांच्या जागी प्रथमच एक फोन क्रमांक आला.

१५/ महाराष्ट्राने इथे एक वेगळी निवड केली. इतर अनेक राज्यांत १०८ च्या गाडीत प्रशिक्षित तंत्रज्ञ असतो. महाराष्ट्राने डॉक्टर बसवला, बहुतांशी आयुर्वेद किंवा होमिओपॅथीचा पदवीधर. ‘गाडीत डॉक्टर आहे’ हे ऐकून नातेवाइकांना धीर येतो, हा लाभ खरा. परंतु धावत्या गाडीतली शुश्रूषा ही स्वतंत्र विद्या आहे. ती सेवेत आल्यावर शिकावी लागते, सतत घोटावी लागते. आणि डॉक्टर कुठलाही असो, गाडीच्या मागच्या भागात तो एकटाच असतो. चालकाचे दोन्ही हात चाकावर असतात.

१६/ हा एकटेपणा म्हणजे काय, हे पावसाळ्यातल्या एका रात्रीच्या हिशेबाने कळते. जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार चावते. वेदना किंचित, खूण जवळजवळ नाही. मग पापण्या जड होतात आणि श्वासाचे स्नायू लुळे पडत जातात. प्रतिविष सुरू झाले तरी स्नायूंना बळ परत यायला अवधी लागतो. तोवर कुणीतरी पिशवी दाबून फुप्फुसांत हवा भरत राहायची. मिनिटाला दहा वेळा म्हटले, तरी तीन तासांत अठराशे वेळा. एका हाताने मास्क घट्ट धरायचा, दुसऱ्याने पिशवी दाबायची, आणि गाडी मात्र धारणीहून सेमाडोह, घटांग करत घाटाची वळणे घेते आहे. धारणी ते अमरावती अंतर सुमारे दीडशे किलोमीटर.

१७/ हृदय बंद पडले तर छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा, किमान पाच सेंटीमीटर खोल दाबावी लागते. दोन मिनिटांत दाबणारा थकतो, म्हणून हात बदलावेत असा नियम आहे. बदलायला दुसरा माणूस नसतो. कीटकनाशकाच्या विषबाधेत तोंडाला फेस येतो, श्वासनलिका स्रावाने भरते. स्राव ओढून काढणे, ॲट्रोपिन देणे आणि बेशुद्ध रुग्णाला कुशीवर ठेवणे एकाच वेळी करावे लागते. कापूस-सोयाबीनच्या मुलखात हे प्रसंग अपवादाचे नाहीत.

१८/ रस्ते मात्र सुधारले. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज विक्रम झाला. त्याच वर्षी ११ डिसेंबरला समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला. १ जुलै २०२३ च्या पहाटे बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाजवळ याच मार्गावर बस उलटून पेटली आणि २५ जण गेले. वेगाचा रस्ता रुग्णाला लवकर पोचवतो, तसा नवे रुग्णही निर्माण करतो. अशा बंदिस्त महामार्गावर अपघात शेजारच्या गावातून दिसतो, पण तिथे गाडी न्यायची तर आधी प्रवेशाचे ठिकाण गाठावे लागते.

१९/ आणखी एक भार वऱ्हाडी घराघरांत परिचित असलेल्या शब्दाचा : ‘रेफर’. अकोल्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २००२ मध्ये आले, अमरावतीला २०२४ मध्ये. त्यामुळे गंभीर रुग्णाची वाट अनेक वर्षे नागपूरकडे वळत राहिली, आणि अकोला-नागपूर अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर आहे. एक गाडी तिकडे गेली की तिच्या मुलखातील गावे तितके तास गाडीविना. मेळघाटच्या एखाद्या पाड्यावर फोनला नेटवर्क नसते, पावसात नाल्याला पूर असतो. तिथे आजही कुणी तरी झोळी बांधतो. १८०३ ची डोली अजून निवृत्त झालेली नाही.

२०/ २०२१ मध्ये संसदेने सहयोगी आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. आपत्कालीन तंत्रज्ञ, म्हणजे पॅरामेडिक, या व्यवसायाला त्यात स्थान मिळाले. शिक्षणाचे निकष आणि नोंदणीचे पुस्तक यांची तरतूद झाली. लारेच्या गाडीनंतर सव्वादोनशे वर्षांनी या माणसाचे नाव भारताच्या कायद्यात उमटले. कायद्यातले नाव हुद्दा, वेतन, विश्रांती आणि गाडीत दुसरा साथीदार यांत उतरणे अजून बाकी आहे.

२१/ तोवर वऱ्हाडात त्याची ओळख एकच. रात्री दोन वाजता ओसरीवरून कुणी ओरडते : ‘एकशेआठवाले आले!’ लोक बाजूला होतात, कुणी बॅटरी धरते, कुणी स्ट्रेचरला हात लावते. पहाटे रुग्ण वाचल्याचे कळले की डॉक्टरसाहेबांचे आणि देवाचे आभार मानले जातात, ते योग्यच. गाडी धुऊन पुढच्या फोनची वाट पाहणाऱ्या त्या दोघांची नावे विचारायचे मात्र राहून गेलेले असते. (समाप्त)