लाखाचा स्वल्पविराम

१,२३,४५,६७८ हा आकडा मराठी माणूस एका दमात वाचतो : एक कोटी तेवीस लाख पंचेचाळीस हजार सहाशे अठ्ठ्याहत्तर. तोच १२,३४५,६७८ असा छापला, की त्याचं बोट शेवटच्या अंकावर जातं आणि एकं, दहं, शतं सुरू होतं. रक्कम तीच, स्वल्पविरामांच्या जागा तेवढ्या बदलल्या. या जागा संगणकाच्या सी भाषेत कुणी आणि कशा ठरवल्या, त्याची ही हकिगत.

१९९०च्या दशकाच्या सुरुवातीला मी सांगली जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेची किर्द-खतावणी संगणकावर आणत होतो. डॉसवर चालणारं टर्बो सी आणि रुंद कागदाचा, करकरणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर एवढी सामग्री. पहिलं तेरीजपत्रक छापून मुख्य लेखनिकांपुढे ठेवलं. सगळे त्यांना अण्णा म्हणत. आकडे सलग छापलेले, स्वल्पविराम एकही नाही. अण्णांनी तांबडी पेन्सिल उचलली आणि उजवीकडून तीन, मग दोन, मग दोन असं मोजत रकाना खालपर्यंत खुणावत नेला. म्हणाले, "बेरीज बरोबर आहे हो. पण ठेवी लाखांत आहेत का कोटीत, हे सभासदानं ओळखायचं कसं?"

प्रश्न रास्त होता आणि सी भाषेकडे त्याचं उत्तर नव्हतं. डेनिस रिची यांनी १९७२च्या सुमारास बेल लॅब्समध्ये ही भाषा घडवली ती युनिक्सच्या कामासाठी. तिथे आकडा छापायचा तो यंत्रणा चालवणाऱ्याला कळावा म्हणून. सभासदांच्या वार्षिक सभेत वाचायला नव्हे. दशांशाला टिंब आणि बाकी अंक सलग, एवढाच तिचा रिवाज. पुढे भाषा अमेरिकेबाहेर पसरली, तेव्हा जर्मन माणूस दशांशाला स्वल्पविराम देतो आणि हजाराला टिंब, हे ध्यानात घेणं भाग पडलं. १९८९च्या अमेरिकी मानकात आणि १९९०च्या आंतरराष्ट्रीय मानकात त्यासाठी 'लोकेल' ही सोय आली.

तिच्या पोटात 'एलकॉन्व्ह' नावाचा तक्ता आहे. दशांशचिन्ह कोणतं, गट पाडणारं चिन्ह कोणतं, चलनाची खूण आधी की नंतर, मध्ये मोकळी जागा हवी की नको, ऋण रकमेचं चिन्ह कुठे बसवायचं, असे एकेक रकाने. नमुन्यादाखल मानकात काही युरोपीय देशांच्या रकमा दिल्या होत्या : इटलीचा लिरा, ज्याला दशांश नाहीच, हॉलंडचा गिल्डर, स्वित्झर्लंडचा फ्रँक. पुढे लिरा आणि गिल्डर युरोत विरून गेले. रुपया त्या नमुन्यांत नव्हता.

तरीही रुपयाची जागा झाली, ती 'ग्रुपिंग' या एका रकान्यामुळे. दर तीन अंकांनी तोडा, असा सरसकट नियम मानक ठरवणाऱ्या समितीनं घातला असता तर आपला लाख कायमचा बाहेर राहिला असता. त्याऐवजी तिथे छोट्या आकड्यांची ओळ ठेवली. उजवीकडून पहिला गट किती अंकांचा, दुसरा किती, आणि ओळ संपली की शेवटचाच आकडा पुन्हापुन्हा लावायचा. नुसतं तीन लिहिलं की मिलियन-बिलियनची मांडणी. तीन आणि मग दोन लिहिले की हजार, लाख, कोटी, अब्ज. अण्णांची तांबडी पेन्सिल दोन बाइटांत मावली.

मावली खरी, पण कागदावर. एक तर मानकानं हा तक्ता वाचायची सोय दिली, त्याप्रमाणे गट पाडून छापणारं फंक्शन काही दिलं नाही. दुसरं, प्रत्येक प्रोग्राम सुरू होतो तो 'सी' याच नावाच्या लोकेलमध्ये, जिथे गटाचं चिन्ह कोरं आणि चलनाचंही कोरं. ते बदलायला 'सेटलोकेल' बोलवावं लागतं. आणि आमच्या टर्बो सीला त्या एका 'सी'खेरीज दुसरं लोकेल ठाऊकच नव्हतं. मग मी स्वतःच अंक उलटे मोजणारं वीसेक ओळींचं फंक्शन लिहिलं. त्या काळी पतसंस्था, बाजार समित्या, साखर कारखाने यांचे हिशेब लिहिणाऱ्यांना असली काही सोय पदरची करावीच लागे.

रकमा साठवायच्या कशा, हाही पेच होता. पूर्णांक पैशांत ठेवावेत, तर तेव्हाचा 'लाँग' हा पूर्णांकाचा प्रकार ३२ बिटांचा. त्यात जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७ पैसे मावत. म्हणजे सव्वादोन कोटी रुपयेसुद्धा नाहीत. एखाद्या सभासदाच्या खात्याला पुरेल, संस्थेच्या एकूण ठेवींना नाही.

पैशांचा हा हिशेब तरी दशमान होता, म्हणून निभावलं. १ एप्रिल १९५७ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. त्याआधी रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे किंवा बारा पै. मोडीतल्या जमाखर्चात रुपयांच्या आकड्यापुढे उभी एक रेघ म्हणजे चार आणे, दोन म्हणजे आठ, तीन म्हणजे बारा. सुट्या आण्यांना आडव्या रेघा. पाच रुपये दहा आणे लिहायचे तर पाचापुढे दोन उभ्या आणि दोन आडव्या रेघा, की झालं. एलकॉन्व्हच्या तक्त्यात याला जागा नाही. तिथे दशांशचिन्ह आणि त्यापुढे किती अंक, एवढंच विचारलं आहे. ब्रिटननं आपले शिलिंग-पेन्स १५ फेब्रुवारी १९७१ला मोडीत काढले. सी जन्माला आली ती त्यानंतर. आणे मोजणारा गिऱ्हाईक तिला भेटलाच नाही.

पुढच्या सोयी हळूहळू आल्या. युनिक्सच्या मानकांनी 'प्रिंटएफ' या छापणाऱ्या फंक्शनला गट पाडण्यासाठी अपॉस्ट्रॉफीची खूण दिली. लिनक्सवर भारतीय इंग्रजीचं लोकेल निवडून ती वापरली, की १,२३,४५,६७८ आपोआप छापलं जातं. रकमांसाठी 'स्ट्रएफमॉन' आलं. विंडोजच्या सी लायब्ररीत मात्र ही दोन्ही नाहीत. जुलै २०१०मध्ये सरकारनं आयआयटी मुंबईत शिकलेल्या डी. उदय कुमार यांचं रुपयाचं चिन्ह स्वीकारलं आणि त्याच ऑक्टोबरात ते युनिकोडमध्ये दाखल झालं. आणे-पावल्यांच्या रेघांना तिथे २००९मध्येच जागा मिळाली होती, मोडीला २०१४मध्ये. आज युनिकोडच्या लोकेल-कोशात मराठीचे मूळ अंक देवनागरी धरले आहेत, हिंदीचे मात्र इंग्रजी वळणाचे.

म्हणून नव्या पोरांना माझं सांगणं आहे. रक्कम पैशांत, ६४ बिटांच्या पूर्णांकात ठेवा. फायलीत लिहिताना आणि दुसऱ्या यंत्राला पाठवताना 'सी' लोकेलच राहू द्या, नाहीतर जर्मन लोकेलमध्ये ३.१४ वाचताना सी टिंबापाशी थांबते आणि हाती नुसते ३ देते. स्वल्पविराम द्यायचा तो अगदी शेवटी, माणसापुढे आकडा ठेवताना. पण तिथे तो द्याच, आणि वाचणाऱ्याच्या रिवाजानं द्या. त्याची तजवीज १९८९पासून भाषेत आहे. ती न वापरता सभासदाला मिलियन मोजायला लावणं हा निव्वळ आळस आहे.